रजेवरची आई

आई सुखात आहे की नाही, हे आमच्या गल्लीत आईला सोडून सगळ्यांना माहीत होतं. घरमालकीण घाटगेकाकूंना माहीत होतं, कोपऱ्यावरच्या वाण्याला माहीत होतं आणि कुंडलच्या आत्याला तर साताऱ्यात पाऊल न ठेवताही माहीत होतं. अडचण एवढीच, की या सगळ्यांची मतं एकमेकांशी जुळत नव्हती. काकूंचं म्हणणं, दिवसभर कंपनीत उभी राहून घरी येणारी बाई सुखी असूच शकत नाही. आणि दिसलीच, तर कुठंतरी पाणी मुरतंय. वाण्याचं म्हणणं, स्वतःच्या पगारातून वाणसामान भरणारी बाई सुखी नसेल तर मग कोण? माझं म्हणणं मला कुणी विचारत नव्हतं. मी सातवीत होते, आणि सातवीतल्या मुलीइतकी संशयी जात जगात दुसरी नसते. आज माझी लेक त्याच वयाची आहे. सांगलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन चपला काढते, तेव्हा सोफ्यावरून ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघते ती नजर मी ओळखते. ती माझीच आहे. फक्त तिच्या हातात मोबाइल असतो, माझ्या हातात भाजलेल्या शेंगा असायच्या.

गोडोलीत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढं ओटा, मागं मोरी, आणि मोरीच्या खिडकीतून दिसणारा अजिंक्यताऱ्याचा एक तुकडा. अण्णा फौजेत. वर्षातून एकदा ते सुट्टीवर यायचे, तेव्हा घरात ट्रंकेचा, बुटांच्या पॉलिशचा आणि रमच्या बाटलीतल्या खोबरेल तेलाचा वास भरायचा, आणि ते गेले की तो वास अंथरुणात थोडे दिवस राहून मग जायचा. एरवी आई, मी आणि धाकटा बाळू. आमची सकाळ आवाजांवरून कळायची. आधी स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग भाकरी थापल्याचा, मग तव्यावर चटणी परतली की घाटगेकाकूंचा खोकला. या सगळ्यात आईचा आवाज नसे. सकाळची आई म्हणजे चार शब्दांची आई होती: ऊठ, वेणी, डबा, कुलूप. पाचवा शब्द काढला तर कंपनीची गाडी चुकेल अशी तिला खात्रीच असावी. संध्याकाळी मात्र शब्दच शब्द. दारातूनच सुरुवात व्हायची. दप्तर कुठं टाकलंय, मोरीत पाणी कुणी सांडलंय, बाळूच्या गुडघ्याला काय झालंय, आणि मी तिच्याकडे अशी काय बघतीय. मी बघतच असायचे. ही बाई दिवसभर कुठं असते आणि तिथं ही अशीच असते का, हा माझा प्रश्न होता.

ती पंपाच्या मोटारी करणाऱ्या कारखान्यात वाइंडिंग खात्यात होती. तांब्याची बारीक तार गुंडाळून कॉइल करायची आणि ती मोटारीच्या खाचांत बसवायची, असं ते काम. खात्यात सगळ्या बायका. आईच्या बोटांवर तारेचे बारीक चरे असायचे आणि लिंबू पिळताना ती हळूच "स्स" करायची. या कामात सुख कुठं असेल हे मी शोधत होते, आणि मला सापडला तो डबा. म्हणजे असं की आमच्या घरी ताटात जे पडायचं त्याहून आईच्या डब्यात नेहमी बरं काहीतरी असायचं. आम्हाला नुसता घेवडा, तर डब्यातल्या घेवड्यावर खोबऱ्याचा कूट. आम्हाला वांग्याच्या फोडी, डब्यात भरलं वांगं, तेही देठासकट सरळ झोपवलेलं. स्वतःसाठी एवढं करणारी बाई ती नव्हती. घरी तर ती पातेल्याला लागलेली आमटी भाकरीनं पुसून खायची. मग हे कुणासाठी?

एकदा जेवताना ती बाळूला म्हणाली, "आज दोडक्याची भाजी काय झाली हुती! तीळ घालून." मी भाकरी मोडायची थांबले. त्या दिवशी डब्यात गवारी होती. मी स्वतः बघितली होती.

"कुठला दोडका?" मी विचारलं.

"जेव गप," आई म्हणाली.

आता सांगते तेव्हा हसू येतं, पण तेव्हा मी तो दोडका मनात जपून ठेवला, वकील पुरावा ठेवतात तसा.

अशातच अण्णा कायमचे घरी आले. पेन्शनीवर आलेला फौजी साताऱ्यात काही नवा नाही, आमच्या गल्लीत दर दोन घरांआड एक होता. सगळे सकाळी ताठ चालायचे आणि दुपारी काय करावं ते न कळून नळ दुरुस्त करायचे. अण्णांनी ट्रंक खोलीच्या मधोमध ठेवली, तिच्यावर बसले, चहा घेतला आणि जाहीर केलं, "मालन, तुझी ड्यूटी खतम. आता मी आलो. तू घरी बस."

आई स्टोव्हपाशी होती. तिनं वळून बघितलं नाही. "बसते की," एवढंच म्हणाली. आणि लगेच, "बाळू, ट्रंकेवर पाय नको."

अण्णांच्या बोलण्यात हुकूम कमी आणि हौस जास्त होती, हे मला आज कळतं. इतकी वर्षं बर्फात, वाळूत, तंबूत त्यांनी एक चित्र जपलं होतं: आपण बाहेरून येतोय आणि बायको दारात उभी आहे. सुट्टीवर यायचे तेव्हा बायको कंपनीत असायची आणि दाराला कुलूप असायचं. शेजारून किल्ली मागून आपल्याच घरात शिरणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, याचा विचार आमच्यापैकी कुणी केला नव्हता.

या कामात त्यांना कुमक मिळाली ती आत्याची. आत्या कुंडलहून शेंगांचं पोतं आणि वांग्यांची पिशवी घेऊन आली ती आईला समजावायलाच. "आवं वहिनी, आता बसा की निवांत. आमचं बघा. कुठं जावं लागत न्हाई, कुठनं यावं लागत न्हाई. बाईमाणसाला घरच्यावाणी सुख न्हाई." हे सांगताना आत्या शेंगा फोडत होती, कारण तिच्या हातांना रिकामं राहणं माहीत नव्हतं. आत्या घरीच असायची हे खरं. म्हणजे पहाटे गोठ्यात, मग चुलीपाशी, मग शेतात तण भांगलायला, मग रोजगारी बायकांच्या भाकरीला, मग परत गोठ्यात. आत्याला निवांत बसलेली मी फक्त एसटीत पाहिली होती. जाताना तिनं मला मोरीपाशी गाठलं आणि कानात विचारलं, "नंदे, वहिनी रडती का गं कवा?"

"न्हाई."

"मग हसती का?"

मी विचारात पडले. "कवाकवा."

"घरात का भायेर?" आत्यानं विचारलं. हिचाही संशय माझ्याच वाटेनं चालला होता.

आईनं भांडण केलं नाही. तिची रजा साठली होती. ती म्हणाली, महिनाभर रजा टाकते. घरी राहून बघते. बरं वाटलं तर राजीनामा देते. सगळ्यांना हे फार शहाणपणाचं वाटलं. मलाच तेवढं वाटलं नाही, कारण आईनं इतक्या लवकर कुठलीच गोष्ट मान्य केलेली मी पाहिली नव्हती. साधी कोथिंबिरीची जुडी घ्यायची तरी ती भाजीवालीला दोनदा सोडून जायची.

आणि मग जे सुरू झालं त्याला सुख म्हणायचं की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. रजेच्या पहिल्या दिवसापासून आई आनंदी होती. नुसती आनंदी नाही, कडक आनंदी. सकाळी गाणं गुणगुणायची. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायला काढली. ओटा शेणानं नाही, तर चक्क ब्रश घेऊन घासला. पुरणपोळी केली, तीही सण नसताना. मी शाळेतून आले की "ये बाळा, दमलीस का" म्हणायची, आणि शाळेत काय झालं असं विचारून माझं उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यायची. हे भयंकर होतं. मी भूगोलाच्या तासाची हकिकत दोन वाक्यांत संपवायचे, कारण पुढचं मला सुचायचंच नाही. आजवर तिसऱ्या वाक्याला कुणी पोहोचलंच नव्हतं. दप्तर दारात टाकलं तर ती हसून उचलून ठेवायची. बाळूनं पाणी सांडलं तर म्हणायची, "असू दे, सुकंल." बाळू तर घाबरून मोरीत जाईना.

तो आवाज मी ओळखत होते. आमच्याकडे अण्णांच्या पलटणीतले कुणी साहेब आले होते एकदा, तेव्हा आई त्या आवाजात बोलली होती. "घ्या ना, संकोच करू नका" असा तो आवाज. आता तो दिवसभर घरात चालू होता, आणि आम्ही तिघं जण आमच्याच घरात संकोच करत होतो.

अण्णा सुरुवातीला विजयी होते. रोज पहाटे अजिंक्यतारा पळत चढून यायचे आणि दारात बायको उभी बघून छाती फुगवायचे. घाटगेकाकूंना मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "बघा, घरी बसल्यावर चेहरा कसा खुलला." पण थोड्याच दिवसांत मी त्यांना ओट्यावर बसून आत बघताना पाहिलं. आई आत गुणगुणत होती, आणि अण्णा टोपी हातात फिरवत होते.

"नंदे," ते हळूच म्हणाले, "एक सांगतो. पलटणीत नवीन रंगरूट येतात. जो रडतो, घरी जायचं म्हणतो, तो टिकतो. पण जो रोज म्हणतो, मजेत हाय साहेब, लय मजेत हाय, आणि बूट आरशासारखे चमकवून ठेवतो, त्याच्यावर नजर ठेवायची. तो पळणार."

आम्ही दोघांनी आत बघितलं. आई पितळेची भांडी चिंचेनं घासत होती. आरशासारखी.

त्यानंतर अण्णांनी घराचा ताबा सुरक्षेच्या दृष्टीनं घेतला. माझी नेमणूक त्यांच्या हाताखाली झाली, आणि शनिवारची सकाळची शाळा मला त्यासाठी फार उपयोगी पडली. पहिली गोष्ट अण्णांनी शोधून काढली ती पिठाची. कोठाराचा हिशोब बघायची सवय त्यांना फौजेतली. स्वयंपाकघरात एक दिवस ते डबे उघडत सुटले. पिठाच्या डब्यात पीठ. तांदळाच्या डब्यात पीठ. बाळूच्या दुधाच्या पावडरीच्या जुन्या डब्यात पीठ. फडताळातल्या दोन पातेल्यांवर ताटल्या झाकल्या होत्या, त्यांच्यात पीठ.

"आपण एवढ्या भाकरी खातो?" त्यांनी मला विचारलं.

"न्हाई."

"मग रोज दळण कशाला?"

खरंच की. आई रोज दुपारी जो घरी असेल त्याला वाढायची, स्वतः "मला भूक नाही, मागनं खाते" म्हणायची आणि दळणाचा मोठा डबा कमरेवर घेऊन निघायची. गिरणी गल्लीच्या टोकाला, कंपनीच्या गाडीच्या थांब्याला लागून. परत यायची तेव्हा चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी असायचं. गुणगुणणं नसायचं. शांत असायची. आणि भूक लागलीय म्हणत नसायची.

तो शनिवार होता. आई दळण घेऊन गेली आणि थोड्या वेळानं आम्ही निघालो. अण्णा पुढं, मी मागं. साध्या गल्लीतून आपण साधं चालत गेलो असतो तर कुणी बघितलंही नसतं, पण अण्णा भिंतीच्या कडेनं वाकून चालले, त्यामुळे वाण्यानं दुकानातून विचारलं, "सुभेदार, काय पडलं का?" अण्णांनी त्याला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. त्यानंतर वाणीही दुकानाबाहेर येऊन आमच्या मागं निघाला.

गिरणीत आई नव्हती. तिचा डबा रांगेत होता आणि पट्टा धडधडत होता. आम्ही मागच्या बाजूला गेलो. तिथं भिंतीला टेकून, उन्हात, रिकाम्या पोत्यावर आई बसली होती. मांडीवर स्टीलचा डबा. आमचा नव्हे. गिरणीच्या आवाजात आमची चाहूल तिला लागली नाही. तिनं डबा उघडला, पण लगेच खाल्लं नाही. आधी नाकाशी नेला. डोळे मिटले. मग एक घास घेतला आणि चावता चावता मान हलवली, कुणाशी तरी बोलत असल्यासारखी. माझ्या आईला मी जेवताना तोवर कधी पाहिलंच नव्हतं असं मला वाटलं. ताट घेऊन बसलेली पाहिली होती, जेवताना नाही.

अण्णा पुढं झाले आणि त्यांनी पोत्यावरचं झाकण उचललं. आमच्याकडच्या स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात. त्यावरही होतं. अण्णांनी ते मोठ्यानं वाचलं. "बाबगोंडा यांजकडून सप्रेम भेट."

आईच्या तोंडात घास तसाच राहिला.

"हा बाबगोंडा कोण?" अण्णांनी विचारलं. त्यांचा आवाज असा झाला होता की मी एक पाऊल मागं गेले.

"कोण बाबगोंडा?"

"तेच मी इचारतोय."

आईनं झाकणाकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, आणि घास गिळला. "आवं, पद्माचा मामा! आमच्या खात्यातली पद्मा, सांगलीकडची. तिच्या लग्नात त्यानं दिल्याला डबा हाय ह्यो. मामा जाऊन बी वर्षं झाली."

"वारले?"

"व्हय."

"बरं झालं," अण्णा म्हणाले, आणि मग, "म्हणजे वाईट झालं." एका परक्या माणसाच्या मरणानं कुणाला इतकं हायसं वाटलेलं मी नंतर कधी पाहिलं नाही.

मग सगळं बाहेर आलं. वाइंडिंग खात्यातल्या बायकांची एक रीत होती. दुपारी सगळ्यांचे डबे एका टेबलावर ठेवायचे आणि आपला सोडून दुसरीचा उचलायचा. आपल्या डब्याला आपण हात लावायचा नाही. कधीकाळी एक नवी सून रोज चटणी-भाकरी आणायची आणि लाजून कोपऱ्यात तोंड फिरवून खायची, तिच्यासाठी कुणीतरी हे सुरू केलं होतं. पुढं ती सून म्हातारी झाली तरी रीत राहिली. पद्मामावशी जैन, तिला चातुर्मासात कांदा-लसूण चालायचा नाही, म्हणून त्या दिवसांत सगळं टेबल बिनकांद्याचं. आई रजेवर आली, पण डबा रजेवर गेला नाही. अण्णा पहाटे किल्ला चढायला गेले की आई थांब्यावर जायची, कंपनीच्या गाडीच्या खिडकीतून आपला भरलेला डबा आत द्यायची आणि दुसरीचा घ्यायची. तो दळणाच्या धान्यात दडवायची. आणि दुपारी इथं येऊन खायची.

"चोरून?" अण्णा म्हणाले. "अगं, मी काय तुला उपाशी ठेवतोय? घरात काय कमी हाय?"

"कमी न्हाई."

"मग घरचं अन्न सोडून?"

"घरचं अन्न मीच रांधलेलं असतंया," आई म्हणाली. पाहुण्यांचा आवाज नव्हता तो. "ताटात यायच्या आधी मला चव ठाऊक असती. मीठ किती, तिखट किती, तळाला किती लागलंय. ह्या डब्यात काय हाय ते झाकण काढंपर्यंत मला म्हाईत नसतं. दिवसात तेवढीच एक गोष्ट असती, जी मी केल्याली नसती."

गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला. एकदम इतकं शांत झालं की कोपऱ्यावरचा वाणी घाईनं मागं वळून चालू लागला, त्याच्या चपलांचा आवाज आला.

"मला सांगायचं होतंस," अण्णा म्हणाले.

"काय सांगू? तुमी एवढ्या हौसेनं घरी आलाय."

घरी परतताना दळणाचा डबा अण्णांनी उचलला. मला वाटलं होतं, रहस्य सुटलं की संशय जातो. तसं काही होत नाही. आई आता जेवायला आमच्याबरोबर बसायला लागली आणि अण्णा तिच्या प्रत्येक घासाकडे बघायला लागले. ते स्वतःशीच पुटपुटायचे. त्यांना खरं तर डब्याचा राग नव्हता. त्यांना वाटत होतं की आपण आलो म्हणून ही घराबाहेर जाऊन खातेय. इतकी वर्षं ज्या घरी यायचं होतं तिथं आल्यावर कळावं, की घरातलं माणूस गिरणीच्या मागं जाऊन सुटकेचा श्वास घेतंय.

त्यांनी आत्याला बोलावून घेतलं. आत्या पुढच्या एसटीनं आली, तावातावानं आली, पदर खोचून आईसमोर बसली. "वहिनी, हे काय ऐकतीय मी? परक्या बायकांचं उष्टं-खरकटं?"

"उष्टं न्हवं. भरल्याला डबा असतोय."

"काय असतंय त्यात?"

आईनं सांगितलं. तिळाचा दोडका. पावट्याची उसळ. कुणाचा तरी ताकातला चुका. पद्मामावशीची मुगाची आमटी, कांद्याशिवाय असूनही काय चव! आत्या ऐकत राहिली. तिच्या हातात वांगं होतं, ते चिरायचं थांबलं. मी आत्याचे हात थांबलेले पहिल्यांदा बघत होते.

"मला तर आठवतबी न्हाई," आत्या म्हणाली, "कुणी माझ्यासाठी रांधून वाढल्यालं मी कवा खाल्लं. सासूच्या तेराव्याला खाल्लं असंल." मग ती अण्णांकडे वळली. "दादा, मला कशाला बलिवलंस रं? माझं तिकडं सगळं काम हुबं हाय. जाते मी." आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं गेली. जाताना माझ्या कानात काही बोलली नाही.

मग अण्णांनी फौजी माणसाला सुचावं तेच केलं. त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. "तुला आयतं हवंय ना? बस." फौजेच्या लंगरात त्यांनी स्वयंपाकाचं काम केलेलं होतं, पण त्यांचा सगळा अंदाज अख्ख्या पलटणीचा होता. मीठ मुठीनं, तिखट वाटीनं. डाळ अशी घट्ट, की बाळूनं तिच्यात चमचा उभा करून दाखवला. आई बसून जेवली. "छान झालंय," म्हणाली. "लय छान." परत तोच आवाज. पितळेच्या भांड्यांचा. अण्णांचा चेहरा पडला. स्तुती केली म्हणून पडलेला चेहरा मी तेव्हाच बघितला.

रजेचा शेवटचा रविवार आला. आई ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होती. अण्णा समोर येऊन उभे राहिले, हजेरीला उभे राहावं तसे.

"सरळ इचारतो. सरळ सांग. तू कंपनीत सुखी हायस का घरात?"

आईनं एक शेंग मोडली. "तुमी फौजेत सुखी हुता का घरात?"

"मला कोण इचारत हुतं?"

"तेच म्हणते. तुमी गेला तवा कुणी इचारलं न्हाई. परत आला तवाबी न्हाई. काकू न्हाई, वाणी न्हाई, वन्स न्हाईत. माझ्याच सुखाची एवढी चौकशी कशापायी? मी काय आजारी हाय?"

आजही कुणा लग्नात, हळदीकुंकवात, ऑफिसच्या डब्यावर हा विषय निघतो, की आई घरी बरी का कामावर बरी. सांगलीतल्या सुशिक्षित बायका मुलांच्या मार्कांचे दाखले देतात, आणि मीही देते, कारण मला बोलायला आवडतं. माझी लेकही विचारते, अगदी सहज विचारल्यासारखं दाखवून. पण कुणी असं विचारलं की मला ओट्यावरची ती शेंग मोडल्याचा आवाज येतो, आणि मी वाक्य अर्धंच सोडते. मुलीला वाटतं, मी काहीतरी लपवतेय. वाटू दे.

अण्णा खाली बसले आणि त्यांनी सुपातली एक शेंग उचलली. त्यांना ती सोलता येईना. आतले दाणे उडून ओट्याखाली गेले.

"मला तिथं घर बरं वाटायचं," ते शेवटी म्हणाले. "हितं आलो तर करमत न्हाई. सकाळी उठून किल्ला चढतो, ते काय हौस हाय व्हय? मला दुसरं काय सुचत न्हाई." मग म्हणाले, "आणि तू माझ्याशी पावण्यावाणी वागतीस."

आईनं सुपातल्या शेंगांची अर्धी रास त्यांच्याकडे सरकवली.

"उद्या जा मग कामावर," अण्णा म्हणाले.

"जाणारच हाय," आई म्हणाली. "मी इचारत न्हवते. आणि दाणं उडवू नका, मुंग्या येतात."

सोमवारी ती गेली. सकाळी तिचे नेहमीचेच चार शब्द होते, त्यातला कुलूप हा शब्द मात्र गळाला, कारण अण्णा घरी होते. दिवसभर अण्णांनी घर झाडलं, साठलेल्या पिठाचं काय करावं म्हणून घाटगेकाकूंना अर्धं देऊन टाकलं, आणि त्यांच्याकडून आमटीत मीठ किती घालतात ते विचारून आले. काकूंनी मला बोलावून घेऊन काळजीनं विचारलं, "नंदे, वडील बरे आहेत ना गं? घरी बसून सुखात आहेत ना?" मी म्हटलं, मला काय माहीत. खरंच मला माहीत नव्हतं. गल्लीचा संशय नव्या घरी राहायला निघाला होता, एवढं दिसत होतं.

संध्याकाळी आई आली. अण्णांनी ताट वाढलं, समोर बसले आणि बाळूनं आमटीत चमचा उभा राहतो का बघायच्या आत त्याचा हात धरला. आईनं पहिला घास घेतला. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. मी तर तिच्या भुवयांकडे बघत होते.

"शी," आई म्हणाली. "आमटी हाय का समुद्राचं पाणी? आणि फोडणी जळलीय. आवं, मोहरी तडतडली की स्टोव्ह बारीक करायचा असतो, तोफ डागायची नसती. नंदे, माझ्या तोंडाकडं काय बघतीस? दप्तर दारात कुणी टाकलंय? बाळू, मोरीत पाणी कुणी सांडलंय?"

बाळू आनंदानं म्हणाला, "मी!"

अण्णांनी ताटातली आमटी स्वतः चाखली. तोंड वाकडं केलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतके दिवस ताणलेलं होतं ते काहीतरी सैल झालं.

"मग?" त्यांनी आईला विचारलं. "बरं वाटलं का आज गेल्यावर?"

"पाय मोडल्यावाणी दुखायला लागल्यात," आई म्हणाली. "उद्या इचारा. आणि पाणी आणा आधी, नरडं खारट झालंय माझं."

अण्णा पाणी आणायला उठले.